होफडॉर्पमधला राजगड: किल्ल्याच्या नोंदी

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

यंदा दिवाळीत इथे, नेदरलँड्समधल्या होफडॉर्पला, किल्ला करायचा असं ठरलं. ठरवलं मी, पण नाव लेकीचं. जुलैत आम्ही पुण्यात असताना बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांतला जिंजी तमिळनाडूतला, बाकीचे अकरा आपल्याकडचे. बातम्यांत राजगडाचे फोटो सारखे दाखवत होते, तेव्हा आजोबांच्या मांडीवर बसून ती म्हणाली, "हा आपण घरी करू या." नंतर ती विसरून गेली. मी नाही विसरले.

या नोंदी कशाला, तर थंड आणि ओल्या देशात मातीचा किल्ला कसा करायचा हे शोधायला गेलं की पुण्याच्या सोसायट्यांचे व्हिडिओ समोर येतात. तिथे ऑक्टोबरचं ऊन असतं. इथे नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे.

जागा: मागच्या अंगणाचा कोपरा, शेडला लागून. घर इथल्या नेहमीसारखं ओळीतलं आणि भाड्याचं, अंगणभर ३० बाय ३० सेंटीमीटरच्या काँक्रीटच्या फरश्या. शेडचं छप्पर हातभर पुढे आलंय, त्यामुळे पावसाचा पहिला मारा चुकेल असा अंदाज. माप: दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, पाऊण मीटर उंच.

वेळ: लेक सकाळी साडेआठला शाळेत जाते आणि धाकटा आठवड्यातल्या दोन सकाळी बालवाडीत असतो. त्या दोन सकाळी माझ्या. इथे आल्यापासून "दिवसभर काय करतेस?" हा प्रश्न फोनवर कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर असतं, पण भांडी-कपडे-सायकलवरच्या खेपा असं सांगायला लागलं की समोरचा मध्येच दुसऱ्या विषयावर जातो. किल्ला करतेय म्हटलं की सगळे पुढचं विचारतात, हे आजच लक्षात आलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

बागेच्या दुकानातून कुंडीत घालायच्या मातीची चाळीस लिटरची तीन पोती आणली. साडेतेरा युरो. घेऊ नका.

ती माती म्हणजे बहुतेक पीट, दलदलीतला कुजलेला पाला. रोपांना उत्तम, किल्ल्याला कुचकामी. ओली असताना स्पंजासारखी दबते, हात काढला की परत फुगते. उतार दिला की घसरते. आणि एकदा सुकली की पाणी आत शिरूच देत नाही, वरचं पाणी वरून वाहून जातं. दुपारपर्यंत मी राजगडाच्या संजीवनी माचीचा (माची म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालची सपाटी) एक सोंडेसारखा ढीग केला. शाळेतून मुलीला घेऊन येईपर्यंत तो पसरून भाकरीएवढा चपटा झाला होता.

रात्री बाबांना व्हिडिओवर दाखवलं. बाबा म्हणाले, "अगं, ही माती नाहीच. चिकणमाती शोध. मळली की गोळा झाला पाहिजे, आणि गोळा आपटला तर फुटता कामा नये."

आता चिकणमाती कुठून आणायची? सार्वजनिक जागेतली उकरायची नाही, हे उघड आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

माती पायाखालीच निघाली.

शेजारी जे आजोबा राहतात (आम्ही सगळे त्यांना बूरमन म्हणतो, इथे शेजाऱ्याला तशीच हाक मारतात) त्यांनी कुंपणावरून पोती पाहिली आणि काय चाललंय विचारलं. माझ्या मोडक्या डचमध्ये डोंगर, किल्ला, राजा, मुलांचा सण एवढं सांगितलं. ते म्हणाले, अख्खं गाव चिकणमातीवर उभं आहे आणि तू माती विकत आणतेस?

खरंच आहे. १८५२ पर्यंत इथे गाव नव्हतं, हार्लेमरमेर नावाचं प्रचंड तळं होतं. वाफेवर चालणाऱ्या तीन पंपिंग स्टेशनांनी ते उपसून कोरडं केलं. त्यांतलं क्रूक्वियस आता संग्रहालय आहे, मुलांना घेऊन आम्ही तिथे जाऊनही आलोय, त्याचे ते अवाढव्य लोखंडी दांडे बघून आलोय. पण तळ्याचा गाळ आपल्या अंगणाखाली असणार हे काही डोक्यात आलं नव्हतं. स्किपोलचा विमानतळही याच तळात, समुद्रसपाटीच्या खाली. तेव्हा राजगडाची उंची इथे मोजताना उणे चार मीटरपासून सुरुवात करावी लागेल.

घरमालकाला मेसेज करून विचारलं: चार फरश्या काढून परत बसवल्या तर चालेल का? चालेल, पण जशा होत्या तशा, असं उत्तर आलं. बूरमननी विचारायला सांगितलेलं दुसरं म्हणजे खाली वायरी-पाइप कुठून गेलेत. आमचे सगळे पुढच्या बाजूने आहेत. हे आधी विचारा, मग कुदळ मारा.

फरशी उचलायची युक्ती: दोन जाड स्क्रू ड्रायव्हर समोरासमोरच्या फटीत घालून एकदम वर उचकटायची. पहिली जड जाते, बाकीच्या हाताने निघतात. खाली पिवळी वाळू, वीतभर जाड. ती वेगळ्या घमेल्यात काढून ठेवा, दोनदा लागते: एकदा मातीत मिसळायला आणि शेवटी फरश्या परत बसवायला. वाळूखाली काळपट करडी, साबणासारखी गुळगुळीत माती, मध्ये मध्ये शिंपल्यांचे चुरे. गोळा केला, फरशीवर आपटला. फुटला नाही. बाबांना त्याचा फोटो पाठवला, उत्तरात नुसता अंगठा आला.

आज शाळा साडेबाराला सुटली, मुलं दुपारभर खड्ड्यात होती. कपडे टबमध्ये भिजत घातलेत. गाळाचे डाग गरम पाण्यात घालू नका, पक्के होतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

खुरपं, फावडं आणि बूरमनकडून आणलेली पहार यांची पूजा केली. आपट्याची पानं नाहीत म्हणून लेकीने रस्त्यावरची पिवळी पानं वाटली. ती बूरमननाही दिली. त्यांनी विचारलं, याचं काय करायचं? मी म्हटलं, ठेवा, सोनं आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

शुक्रवारी सकाळी सांगाडा उभा केला होता. चुकीचा केला होता.

विटा कमी होत्या म्हणून मधली पोकळी पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरली, वर मातीचा जाड थर दिला आणि बालेकिल्लाही तिथेच वर थापून टाकला. शनिवार-रविवार वारा आणि पाऊस. छपराने वरचं पाणी अडवलं, पण इथे पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो. खोकी ओली होऊन खाली बसली, बालेकिल्ला मधोमध खचला आणि पद्मावती माचीची अख्खी कड सुटून अंगणात आली. शुक्रवारची सकाळ, शनिवारची अर्धी रात्र टॉर्च घेऊन प्लास्टिक झाकण्यात, सगळं वाया.

दुरुस्ती:

विटा. मार्क्टप्लाट्स या इथल्या जुन्या वस्तूंच्या साइटवर 'फुकट, येऊन घेऊन जा' असं टाकून लोक जुन्या रस्त्याच्या विटा अक्षरशः ढकलतात, कारण टाकायला नेलं तर त्यांचाच त्रास. दोन गल्ल्या सोडून एका घरून साठेक विटा आणल्या. सायकलच्या पुढच्या खोक्यात, ज्यात एरवी धाकटा बसतो. एका खेपेला वीसच्या वर घालू नका, ब्रेक लागत नाही.

रचना. आता आत पोकळी नाही. विटा एकावर एक सांधा चुकवून, जिन्यासारख्या मागे सरकत. मधल्या फटीत तुटक्या फरशीचे तुकडे. त्यावर माती फक्त तीन-चार बोटं.

बालेकिल्ला वेगळा. जुन्या कपाटाच्या फळीवर, घरात. तो शेवटी नेऊन वर ठेवायचा. हे आधी सुचलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं. नवऱ्याचं म्हणणं, थोडं सिमेंट वापर. मी ते मानलं नाही. पंधरवड्यानंतर हे सगळं मोडून फरश्या परत बसवायच्यात, आणि मातीचा नसेल तर तो किल्ला कसला? शो-पीस.

८ ऑक्टोबर, बुधवार

लेपाचं प्रमाण ठरवण्यात सकाळ गेली. नुसती चिकणमाती घराबाहेर वाळतच नाही. हवेत इतकी ओल आहे की काल लावलेली भिंत आजही बोट लावलं की दबते. घरात रेडिएटरपाशी ठेवलेला बालेकिल्ला उलट इतका झटकन वाळला की रेडिएटरकडच्या अंगाला करंगळी जाईल अशा भेगा पडल्या.

जमलेलं मिश्रण: दोन घमेली चिकणमाती, एक घमेलं फरशीखालची वाळू, दोन मुठी बोटभर लांबीचं कापलेलं सुकं गवत. सशांसाठी मिळतं ते, चार युरोला मोठं पोतं. पाणी कमीत कमी: मूठ वळली की बोटांच्या खुणा राहिल्या पाहिजेत, हाताला चिखल लागता कामा नये. एका वेळी चार बोटांचाच थर, दुसऱ्या दिवशी पुढचा. रेडिएटरपाशी ठेवायचं तर दर दोन तासांनी फळी फिरवा. पडलेल्या भेगा पातळ चिखलाने भरल्या, दोनदा.

न जमलेलं: आपल्याकडे लेपात शेण घालतात म्हणून इथे खत म्हणून मिळणाऱ्या गाईच्या शेणाच्या सुक्या गोळ्या आणल्या. सात युरो. बादलीत भिजवल्या. त्यात धागा काहीच उरलेला नसतो, सगळं दळून गोळ्या केलेल्या, त्यामुळे माती धरून ठेवायचा प्रश्नच नाही. वास मात्र पूर्ण शिल्लक होता. सुवेळा माचीला लावून पाहिलं तर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. खरवडून काढली.

दुपारी लेक आणि तिच्या वर्गातल्या दोघी आल्या. मी कागदावर राजगडाचा आराखडा काढून ठेवला होता. मध्ये बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती, पूर्वेकडे सुवेळा, पश्चिमेकडे संजीवनी. कोण कुठली तटबंदी करणार तेही लिहिलं होतं. संजीवनीला दुहेरी तट आहे, आतल्या आणि बाहेरच्या भिंतीत माणूस जाईल एवढी फट, ते नीट दाखवा म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने तिघी पलीकडच्या अंगणात ट्रॅम्पोलिनवर होत्या आणि मी एकटी दुहेरी तट बांधत होते.

रात्री बाबांनी विचारलं, "किल्ला ती करतेय की तू?"

"मीच. तिला धीर नाही."

"तुमच्या किल्ल्याला आम्ही कधी हात लावला होता का? तुझ्या आईला तर तो कुठे केलाय हे लक्ष्मीपूजनाला कळायचं."

खरं आहे. समोरच्या बांधकामावरच्या विटा आम्ही पळवायचो, वॉचमन ओरडायचा, गोणपाट किराणा दुकानातून मागून आणायचो. मोठ्यांचा संबंध यायचा तो फक्त हातपाय धुऊन घरात या म्हणून ओरडण्यापुरता. इथे मात्र मुलांच्या खेळण्याची वेळही आयांनी मेसेजवर आठवडाभर आधी ठरवायची असते. किल्ल्याचा आराखडा काढून कामं वाटून देणं मला अगदी साहजिक वाटलं होतं. नोकरीत हेच करत होते, दहा वर्षं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गोणपाट. पुण्यात किराणा दुकानात, इथे बागेच्या दुकानात. थंडीत झाडांना गुंडाळायला लोक नेतात, त्यामुळे ऑक्टोबरात भरपूर मिळतं. नऊ युरो. पातळ चिखलात बुडवून, पिळून, विटांवर पसरलं आणि वरून हाताने थापलं. डोंगराला सुरकुत्या आपोआप येतात. उभ्या कड्यावर माती धरत नव्हती ती आता धरते. या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट पहिल्याच झटक्यात जमली, ती ही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हिरवळ. अळीव भारतीय दुकानात हलीम म्हणून मिळतो. नाहीच मिळाला तर इथल्या कुठल्याही बी-बियाण्यांच्या फळीवर 'ट्यूनकर्स'चं पाकीट असतं, तेच बी. पाकिटात चिमूटभरच निघतं, त्यामुळे दुकानातला शंभर ग्रॅमचा पुडा परवडतो. दोन्ही मिळून पाच युरो.

अळीव अर्धा तास भिजवला की बुळबुळीत होतो. लाडू करताना तोच बुळबुळीतपणा नारळात मुरवायचा असतो, इथे तो डिंकाचं काम करतो: उभ्या गोणपाटावर बी नुसतं बोटांनी फासलं तरी चिकटून राहतं. मोहरीला हे जमत नाही, ती घरंगळून खाली जाते.

पण शुक्रवारी उरलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर फासून बाहेर ठेवलेला अळीव आजपर्यंत जेमतेम डोळे उघडतोय. पुण्यात तिसऱ्या दिवशी हिरवं दिसतं. इथे रात्री सात-आठ अंश. वाट बघत बसलो तर देवदिवाळी येईल.

लेक शाळेतून आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "आई, हे बाहेर नाही ठेवायचं. कापसावर, खिडकीत. आम्ही केलंय शाळेत." इथे बालवर्गातली मुलं ट्यूनकर्स कापसावर पेरतात आणि पावात घालून खातात. मग तिनेच पेरलं. गोणपाटाचे तळहाताएवढे तुकडे, ओले, ताटात, स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी फक्त ताटं दिली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

खिडकीतला अळीव कालच वर आला. उजेडाकडे सगळा एका बाजूला वाकला होता, म्हणून ताटं फिरवली. काल दुपारी लेकीने अर्धे तुकडे सुवेळेच्या उतारावर बसवले. आज सकाळी तिथे नुसते देठ, आणि त्यावरून गेलेली चकाकती रेघ.

गोगलगायी. शंखाच्या नाही, नागव्या, तपकिरी, बोटाएवढ्या. मीठ टाकू नका, अळीवही मरतो. तांब्याची पट्टी महाग. आम्ही रात्री जेवणानंतर टॉर्च आणि जुना चिमटा घेऊन बाहेर जातो आणि गोळा करून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खताच्या डब्यात सोडतो. धाकट्याला दिवसातलं हे सर्वांत आवडतं काम. "आई, शत्रू!" असं ओरडतो, शेजारच्या खिडक्यांचे दिवे लागतात. उरलेले तुकडे शनिवारपर्यंत घरातच.

मांजराचाही उपद्रव आहे. मोकळी वाळू दिसली की पलीकडचं मांजर आपलं काम उरकून जातं. वाळूच्या घमेल्यावर झाकण आणि पायथ्याला बांबूच्या बारीक काड्या उभ्या रोवल्या. लेकीने त्यांचे तटाचे भाले केले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

पुण्याहून पार्सल आलं. मंडईतले मावळे, महाराज, दोन तोफा, एक वाघ. चित्रं, म्हणजे मूर्ती, छान, पण पॅकिंग वर्तमानपत्राचं. महाराज धडधाकट. मावळ्यांतले निम्मे मानेत तुटलेले. पाठवायचा खर्च २६०० रुपये, आतल्या वस्तूंच्या कितीतरी पट. बाबांनी दिला म्हणून तो हिशेबात धरत नाही. भेट म्हणून आलेलं पार्सल ४५ युरोच्या आतलं असेल तर वर कर लागत नाही, पण बाहेर किंमत आणि 'भेट' हे स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. पाठवणाऱ्याला हे आधी सांगा, आणि प्रत्येक मावळा मोज्यात घालून पाठवायला सांगा.

दुरुस्ती: मानेत काडीने बारीक भोक पाडून अर्धी काडी गोंदात बुडवून घातली, वर डोकं. बाकीच्यांना लेकीने लाल दोऱ्याचं उपरणं गुंडाळून भेग लपवली. एकाचं डोकं सापडलंच नाही, तो तोफेमागे उभा आहे.

वसुबारसेची गाय-वासरं जुन्या वस्तूंच्या दुकानातली, शेताच्या खेळण्यातली. काळी-पांढरी, भलीमोठी. मावळ्यापेक्षा गाय दुप्पट उंच. तिला पायथ्याच्या गावात बांधलं, लांबून बघितलं तर चालतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

इथल्या शाळेची शरदातली सुट्टी यंदा नेमकी दिवाळीत आली. कालपासून अंगणात मुलं आहेत. आराखड्याचा कागद मी घडी करून खणात ठेवला आणि स्वयंपाकघरात चकल्या घालत बसले. खिडकीतून दिसतं, ऐकू येतं, पण जायचं नाही असं ठरवलं. पहिल्या तासाभरात तीनदा दाराशी गेले.

त्यांनी काय केलं ते लिहून ठेवते, कारण कोणत्याही व्हिडिओत नसेल.

पद्मावती माचीवर तळं, माशाच्या डब्याचं झाकण पुरून. खऱ्या राजगडावरही पद्मावती तळं आहे, ते कोणी सांगितलं नव्हतं. "गडावर पाणी नको का?" असं लेकीने उलट मलाच विचारलं. तळ्यातून खाली ओढा काढला आणि त्यावर वर उचलला जाणारा पूल, आइस्क्रीमच्या काड्यांचा, दोऱ्याने ओढायचा. सह्याद्रीत असला पूल कुठे आलाय? पण होफडॉर्पच्या मुलाने बघितलेला प्रत्येक पूल उघडतो. सुवेळेच्या कड्याला आरपार भोक, नेढं, ते मात्र फोटोत बघून अगदी बरोबर. ते पाडताना वीट मध्ये आली तर चमच्याने भोवतीची माती कोरून वीट बाजूला सरकवली. हे काम मी केलं असतं तर तट पडला असता. पायथ्याला सायकलींचा लाल रस्ता. नेढ्याच्या तोंडाशी डायनासोर. तो धाकट्याचा, त्याबद्दल बोलायचं नाही, असं मला बजावण्यात आलं.

बालेकिल्ला चौघांनी फळीसकट उचलून वर ठेवला. खिडकीतल्या अळिवाचे सगळे तुकडे लागले. दुहेरी तट मी बांधला होता, त्यावर त्यांनी मोहरीच्या दाण्यांनी खिडक्या काढल्यात. बऱ्या दिसतात.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी

सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान ही एक गोष्ट या देशात फार सोपी आहे. सूर्यच सव्वाआठला उगवतो. सात वाजता उठून उटणं, तेल, अंघोळ सगळं सावकाश, आणि बाहेर अजून मिट्ट काळोख.

पणत्या वाऱ्यात टिकत नाहीत. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांत मेणाचे छोटे दिवे ठेवले, ते तासन्तास जळतात. पायथ्याला बरण्या आणि बालेकिल्ल्यावर एकच खरी पणती, ती सारखी लावत राहायची. फटाक्यांचा प्रश्न नाही, दिवाळीत ते इथे उडवायला परवानगी नाही.

२१-२२ ऑक्टोबर

उत्तरेकडच्या मैत्रिणींनी लक्ष्मीपूजन काल केलं, आम्ही पंचांगाप्रमाणे आज. त्यामुळे फराळाची ताटं दोन दिवस फिरत राहिली आणि किल्ला बघायला येणाऱ्यांची रांगही. बूरमन पाडव्याला आले, गुडघ्यावर बसून विटांची रचना तपासली, पूल दोनदा उघडून पाहिला. राजा इतक्या वर का बसलाय, असं त्यांनी लेकीला विचारलं. "खालून येणारे दिसतात म्हणून," ती डचमध्ये म्हणाली आणि मग राजगड, तोरणा, अफजलखान असं बरंच काही सांगत राहिली. अर्धं मीच तिला झोपताना सांगितलेलं, अर्धं तिचं स्वतःचं. त्यात मी बोलले नाही.

रात्री हवामानाचा इशारा आला. बालेकिल्ला फळीसकट शेडमध्ये, महाराज आणि मावळे घरात.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

बेंजामिन वादळ. स्किपोलवरची बरीच विमानं रद्द, दिवसभर पाऊस आडवा. ओवाळणी आटपून मुलं खिडकीला नाक लावून.

संध्याकाळी पाहणी. गोणपाट लावलेला सगळा डोंगर जागेवर. अळीव लोळला पण मुळं सुटली नाहीत. उघड्या मातीचे तट, माझे दुहेरीसकट, विरघळले. सर्वांत मोठं नुकसान पद्मावतीवर: तळं भरलं आणि सांडवा ठेवलेला नव्हता, त्यामुळे पाणी कडेवरून वाहून उताराला हातभर लांब घळ पडली. ओढ्याचं तोंड चिखलाने बुजलं होतं. पुढच्या वेळी झाकणाला आधीच खाच पाडायची आणि ओढ्यात बारीक खडी घालायची. तट करायचा तर त्यालाही गोणपाटाच्या पट्ट्या.

डायनासोर जागचा हलला नव्हता. धाकट्याने हे सगळ्यांना फोन करून सांगितलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

रात्री घड्याळं तासभर मागे गेली, आता पाच-साडेपाचलाच अंधार. दुपारीच मोडायला घेतलं. माती सुकायच्या आत मोडा, ओली असताना विटांवरून सहज निघते. चिकणमाती खड्ड्यात परत, थराथराने धुमसून. वर वाळू, फळीने सपाट करून मग फरश्या. बूरमननी त्यांचं पाणसळ दिलं. एक फरशी अजून डुगडुगते, तिच्याखाली आणखी वाळू लागेल.

खर्च: कुंडीची माती १३.५०, शेणाच्या गोळ्या ७, गोणपाट ९, गवत ४, बी ५, रंग आणि गोंद ३. एकूण साडेएकेचाळीस युरो, त्यांतले पहिले साडेवीस पाण्यात गेले. कुंडीची माती वसंतात मिरच्यांना होईल. हे वाचून सुरू करणाऱ्याचं काम वीस-एकवीस युरोत भागावं. वेळ सर्वांत जास्त गेला तो सुकवण्यात, त्यामुळे घटस्थापनेच्या आसपास सांगाडा उभा राहिला पाहिजे, दसऱ्याला नाही.

विटा शेडमागे रचून ठेवल्यात. पुढच्या वर्षी सिंधुदुर्ग करायचा म्हणून लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय: किल्ला अंगणाच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी, आणि पाण्यात बोटी. त्याला तळ्यात अंथरायचा रबरी कागद लागेल, आणि काढायच्या फरश्या चारच्या कितीतरी वर जातील. घरमालकाला पत्र तिनेच लिहायचं, चित्रासकट. खणून मी देईन.